दमूआक्काची घरं

"माणुसकी करायची तर आपल्या पगारातून कर, मार्तंडा. माझ्या पोळपाटावर लाटू नकोस," दमूआक्का म्हणाली आणि हातातलं सूप तिने असं आदळलं की उडदाची डाळ माजघरभर उडाली.

"आक्का, हळू. ती मागच्या पडवीत आहे. ऐकू जातं."

"जाऊ दे. मी काही चोरून बोलत नाही."

"आणि ऐकून ती जाणार थोडीच आहे?" चुलीपुढून सरोजिनी म्हणाली. मार्तंडाची ही बायको आणि तिची नणंद एका बाजूने बोलताहेत असं या घरात क्वचितच घडे, त्यामुळे तिच्या आवाजाला आज चांगलीच धार चढली होती. "होळीला आणलीत, चार दिवस म्हणून. पाडवा होऊन गेला. धान्याचं कंट्रोल उठलं, आता स्वस्ताई येणार म्हणून नाचत होतात ना? ज्वारी बघून या बाजारात. तिघांचं पीठ चौघांना पुरवून दाखवा एकदा इथे बसून."

"वकीलसाहेबांनी सभेत विचारलं, कोण कोण घरात निर्वासित माणूस ठेवणार? पहिला हात माझा वर गेला. आता कुठल्या तोंडाने सांगू, घेऊन जा म्हणून?"

"वकिलांनी स्वतः किती ठेवले?"

"त्यांच्याकडे मुलीचं लग्न आहे."

"हो, आणि आपल्याकडे राजवाडा रिकामा पडलाय."

"ठेवू नको असं मी म्हटलेलं नाही," डाळ वेचता वेचता आक्का म्हणाली. "ठेव. जेवू घाल. तिला गोधडी मीच दिली, विचार हिला. पण माझी घरं तिला कशाला? मुळ्यांचं गेलं. हिवरगावकरांचं गेलं. काल वकीलीणबाई म्हणतात, 'दमूताई, यंदा लग्नाचे पापड आम्ही त्या बिचारीला सांगितलेत हं. तुम्ही नुसती डाळ निवडून द्या.' डाळ निवडून!"

मार्तंड शाळेत मास्तर होता. वर्गात तो बोलू लागला की पोरं गप्प बसत. घरात तसं होत नसे. तो आक्काजवळ उकिडवा बसला, डाळीचे चार दाणे वेचून त्याने सुपात टाकल्या आणि हळूच म्हणाला, "गेली घरं तर जाऊ देत. मी आहे ना तुला जेवू घालायला?"

मायेनेच म्हणाला तो. पण नेमकं हेच त्याने म्हणायला नको होतं. आक्का उठली, सूप उचललं आणि मागच्या दाराने निघून गेली.

दमयंती सतराव्या वर्षी या घरी परत आली, ती कपाळ मोकळं घेऊन. मार्तंड तेव्हा कडेवर होता, आणि बहुतेक वेळ तिच्याच कडेवर असे. वडील होते तोवर तिला कुणी काही म्हटलं नाही. ते गेले, मार्तंड मोठा होऊन मास्तर झाला, सरोजिनी आली. एके दिवशी जेवताना आक्काने आणखी एक भाकरी मागितली, तेव्हा नवी नवरी म्हणाली, "वन्संना भूक चांगली आहे." सहजच म्हणाली. त्यात विष नव्हतं. पण पुढच्या उन्हाळ्यात आक्का शेजारच्या मुळ्यांकडे पापड लाटायला गेली, आणि मग जातच राहिली.

मुळ्यांनंतर हिवरगावकर, त्यांच्यानंतर वकील, असं करत नगरच्या तोफखाना भागातली बरीचशी ब्राह्मणघरं तिची झाली. ती त्यांना 'माझी घरं' म्हणे. त्या घरांत ती कधी माजघराच्या पुढे बसली नाही, तरी तसंच म्हणे. पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावत मुसळाने कुटायचं, ओढलं की तुटू नये इतकं चिवट करायचं. मग त्याची दोरीसारखी लांब वळी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात आणि दुसरं हातात धरून तिच्या लाट्या कापायच्या. आक्काने कापलेल्या लाट्या बघायला पोरं भोवती बसत. चैत्र-वैशाखातल्या त्या मजुरीत तिची वर्षाची ज्वारी येई, चहा-साखर येई, लुगडं येई. घरच्या पोत्याशेजारी तिचं पोतं वेगळं उभं असे. दळताना दोन्हीतली ज्वारी एकाच जात्यात पडायची, आणि भाकरीही एकाच तव्यावरची. पण तिला आणखी हवी असली की ती मागून घेई, आणि मागताना सरोजिनीच्या तोंडाकडे बघावं लागत नसे.

एवढंच होतं तिचं. तेच आता जात होतं.

प्रयागबाई गेवराईकडच्या एका खेड्यातल्या कुळकर्ण्यांची सून. तिशीही न गाठलेली. निजामाच्या मुलखात रझाकारांची धामधूम वाढली तशी त्या बाजूची माणसं शेवगाव-पाथर्डीवरून गाड्या भरभरून नगरात येऊ लागली. हिला गावातल्याच एका मोमीन म्हाताऱ्याने कडब्याच्या गाडीत झाकून हद्दीपर्यंत आणून सोडलं होतं. नवरा मागे राहिला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. "आईला घेऊन मागून येतो, तू हो पुढं," एवढं म्हणाला. ते माघात. अजून तो आला नव्हता आणि त्याचं कार्डही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तोफखान्याला भरून आलं होतं. कुणी लुगडं आणलं, कुणी वाटीभर तूप आणलं, तिची हकीकत ऐकून बायका पदराने डोळे पुसत घरी गेल्या. दुसऱ्या आठवड्यात येणारी लुगडी विरलेली होती. पुढे पुढे नळावर बोलणं निघू लागलं. "देणार तरी किती? आधीच तिकडे बराकींत सिंधी येऊन बसलेत, त्यात आता हे. साखर कुठे जाते ते कळलं ना?" मग त्याच नळावर कुणाला तरी युक्ती सुचली, की तिला काम द्यावं. काम दिलं की पुण्यही लागतं आणि पापडही होतात. शिवाय नवी आहे, अडलेली आहे, देऊ तेवढ्यात करते. ज्या ज्या घरांनी हे पुण्य केलं, त्यांच्या गाठीचं काहीच गेलं नाही.

सूप घेऊन आक्का मागे गेली तेव्हा प्रयागबाई पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. सगळं ऐकलेल्या माणसासारखी.

"दमूताई, मी नाही म्हणून सांगते त्या बायांला."

"सांग. आणि मग खाशील काय?"

"मग काय करावं हो?"

आक्का पायरीवर बसली आणि डाळ पाखडू लागली. राग कुठेतरी काढायला हवा म्हणून म्हणाली, "लाट्या कशा करतेस गं तू?"

"हातानं तोडते."

"हातानं! म्हणजे एक लिंबाएवढी, एक आवळ्याएवढी."

"एकसारख्या होतात की."

"बघितल्यात मी, मुळ्यांकडे."

त्या खरोखरच एकसारख्या होत्या. आक्काला तेही डाचत होतंच. प्रयागबाई बाजूला बसली आणि न विचारता सुपातले खडे टिपू लागली. आक्काने सूप तिच्या बाजूला जरासं सरकवलं. मुद्दाम नव्हे, हात भरून आला होता म्हणून.

रोज पहाटे आंघोळ झाली की ही बाई घंगाळातल्या पाण्यात वाकून बघत कुंकू लावी. आरसा तिच्याजवळ नव्हता आणि सरोजिनीकडे मागायची तिला चोरी. आधी मेणाचं बोट, मग कुंकू. सावकाश, अगदी वाटोळं. "घरदार गेलं तरी नटणं सुटत नाही," सरोजिनी एकदा म्हणाली होती. आक्का रोज त्या कुंकवाच्या वेळेला विहिरीकडे तोंड करून बसत असे.

चैत्रातच वकिलांकडे मुहूर्त निघाला. लग्नघरातलं हे पहिलं काम. आंब्याचा डहाळा बांधलेलं मुसळ पाच सवाष्णींनी धरायचं, उखळात हळद-उडीद कुटायचे, ओव्या म्हणायच्या, आणि ते झाल्यावर मग बाकीच्या पापड-सांडग्यांना हात घालायचा. तोफखान्यातल्या किती लग्नांचे पापड आक्काने लाटले असतील, पण मुहूर्त होईपर्यंत ती मागच्या ओट्यावर असे. 'झालं, या आता दमूताई,' असं कुणी म्हटलं की आत जाई. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ती म्हणे.

त्या दिवशीही ती मागच्या ओट्यावर डाळ निवडत होती. आत एक सवाष्ण कमी पडली. जोशांची सून ऐन वेळी बाहेरची झाली. वकीलीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "प्रयागबाई, तुम्हीच बसा की! उलट चांगलंच झालं."

प्रयागबाईची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. बायकांना फार बरं वाटलं. सभेत सांगण्यासारखी गोष्ट झाली. ती लाजत लाजत पाटावर बसली, मुसळाला हात लावला आणि तिच्या बाजूची एक ओवी म्हणू लागली. आवाज बारीक पण सरळ होता. मागच्या ओट्यावर आक्काचा हात सुपात थांबला.

ओवी संपली तशी वकिलांच्या आत्याबाई पुढे सरकल्या. त्या लग्नासाठी संगमनेराहून कालच आल्या होत्या. "ही कोण गं? गळा गोड आहे."

"निजामाकडची. मार्तंड मास्तरांकडे राहते."

"हो का? बस हो. नवरा काय करतो तुझा?"

"तिकडंच राहिलेत."

"मग कार्डबिर्ड येतं का?"

"नाही."

"कधीपासून?"

"माघापासून."

मुसळ खाली टेकलं. आत्याबाईंनी आवाज चढवला नाही. त्या दुष्ट बाई नव्हत्या. घरातलं शुभकार्य नीट पार पडावं एवढीच त्यांची इच्छा होती. "म्हणजे आहे की नाही, हे हिलाच ठाऊक नाही," त्या वकीलीणबाईंना म्हणाल्या. "पोरीचं लग्न आहे, बाई. मुसळाला हा हात नको."

वकीलीणबाई लाल झाल्या. निर्वासितांसाठी भरलेल्या बायकांच्या सभेत त्याच अध्यक्ष होत्या. "प्रयागबाई, तुम्ही जरा... म्हणजे मागे या. चहा घ्या," त्या म्हणाल्या.

प्रयागबाईने मुसळ सोडलं. ओटीतला नारळ घेऊन जायचा की ठेवून जायचा, हे तिला कळेना. कुणी सांगेना. शेवटी तो पदरात तसाच धरून ती मागच्या ओट्यावर आली आणि आक्काशेजारी बसली. आत पाचवी म्हणून कुणाला तरी शेजारून बोलावलं असावं. ओव्या पुन्हा सुरू झाल्या.

मुहूर्त आटोपल्यावर वकीलीणबाईंनी आक्काला विहिरीपाशी बोलावून घेतलं.

"दमूताई, झालं ते वाईट झालं. पण आत्याबाईंपुढे आम्हाला बोलता येत नाही. आता तिच्या हातचं लग्नाला चालायचं नाही. तेव्हा सगळं काम तुमचंच. मुळ्यांच्या, हिवरगावकरांच्या कानावरही घालते मी. तुमची घरं तुम्हाला परत." त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एक करा. तिला जरा समजावून सांगा. ते कुंकू... आता चैत्रगौरीची हळदीकुंकवं आहेत, ही कपाळ भरून सगळीकडे जाणार. कुणाला तोंडावर म्हणवत नाही. तुम्ही सांगितलंत तर तिला तेवढं लागायचं नाही. तुम्ही काय, त्यातल्याच."

आक्काने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही म्हणाली, हे वकीलीणबाईंना कळलं नाही. त्यांनी 'हो' धरलं. गड्याने उडदाच्या डाळीची पाटी आक्काच्या कमरेवर ठेवून दिली.

दोघी घराकडे निघाल्या. ऊन चढलं होतं. पाटी जड होती. आक्काला ती जड लागायला हवी होती तेवढी लागत नव्हती, कारण सबंध उन्हाळा त्या पाटीत होता. सांगायचं काय ते दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं. कुणीतरी कधीतरी सांगणारच होतं.

"काय म्हणाल्या वकीलीणबाई?"

"डाळीचं."

थोडं चालल्यावर प्रयागबाई म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या ते काही खोटं नाही. मला तरी कुठं ठाऊक आहे? सकाळी कपाळाला बोट लावते तेव्हा म्हणते, आज आहेत. उद्या पुन्हा तेच म्हणते. त्याच्या पल्याडचा विचारच मला करता येईना बघा."

आक्का थांबली. पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेण्यासाठी थांबल्यासारखं तिने केलं.

श्रीगोंद्याचं सासरचं घर तिला दिसत होतं. मानमोडीची साथ होती. नवरा कामासाठी दौंडला गेलेला. सकाळीच कुणी माणूस येऊन ओसरीवर काही सांगून गेला. तिने त्या दिवशी नारळ खोवला. धाकट्या नणंदेची वेणी घालता घालता तिला चिडवलं. तिसऱ्या प्रहरी तोंड धुऊन ताजं कुंकू लावलं आणि सासूला विचारलं, "आज सगळे असे गप्प का?" सासू म्हणाली, "ऊन फार आहे." दिवेलागण झाल्यावर बायका गोळा झाल्या आणि मग तिला कळलं. घरात सकाळपासून सगळ्यांना माहीत होतं, हे तिला फार पुढे नणंदेने सांगितलं. तिची सासू सबंध गावात कजाग म्हणून ओळखलेली. स्वतःचा मुलगा गेल्याची बातमी पोटात ठेवून तीच म्हणाली होती, "संध्याकाळपर्यंत राहू दे पोरीला."

नारळाच्या कवडीचा तो वास, नणंदेचं ते खिदळणं. त्या घरातलं दुसरं काहीच आक्काला इतकं स्पष्ट आठवत नसे. तीस वर्षं तिने त्या अर्ध्या दिवसावर काढली होती.

"तू हो घरी," ती म्हणाली. "मी आलेच."

"पाटी द्या तरी."

"नको. ती परत न्यायची आहे."

वकिलांकडे पंगतीची गडबड होती. आक्का मागच्या दाराने गेली, पाटी ओट्यावर ठेवली आणि वकीलीणबाई येईपर्यंत उभी राहिली.

"हे काय, दमूताई?"

"तुमची डाळ. मला नाही जमायचं."

"अहो, पण तुमचंच काम तुम्हाला परत देतेय!"

"कळलं मला ते. तिला सांगायचं माझ्याच्याने होणार नाही. न सांगता काम करायचं, तेही होणार नाही. पापड हवे असतील तर दोघींच्या हातचे मिळतील."

"लग्नघर आहे हो. दोघींच्या हातचे कसे चालतील?"

"नाही ना चालत? म्हणून तर डाळ आणली."

वकीलीणबाईंना राग आला, आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. "पाणी तरी घ्या," त्या म्हणाल्या. आक्काने पाणी घेतलं. उन्हातून दोनदा आली होती ती.

तिच्या आधी बातमी घरी पोचली होती, पण अर्धीच. तिने पायांवर पाणी घेतलं तोच सरोजिनी हसतमुखाने पुढे आली. "मुळ्यांची सून सांगून गेली, वन्सं. वकिलांचं काम आलं ना परत? बरं झालं बाई. आणि मुळेही आता तुम्हालाच बोलावणार म्हणे." मग मागच्या पडवीकडे बघून हळू आवाजात, "हिला आता धर्मशाळेत पोचवायला सांगते ह्यांना. अशात ठेवून घेणं बरंही दिसत नाही."

मार्तंड नुकताच शाळेतून आला होता. कोटाची बटणं काढता काढता तो थांबला. कुठल्या बाजूने बोलावं, याचा त्याला अंदाज येत नव्हता. प्रयागबाई पडवीच्या दारात उभी होती. पदरातला नारळ तिने कुठे ठेवला होता कोण जाणे. हात मोकळे होते आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

आक्काने पाय पुसले. सगळी ऐकतील इतपत, पण जेवायला काय आहे हे सांगावं तशा आवाजात ती बोलली.

"वकिलांचं काम मी सोडून आले. मुळ्यांकडेही जाणार नाही. प्रयाग इथेच राहील, आजपासून माझ्या खोलीत निजेल. जी घरं आम्हाला दोघींना मिळून बोलावतील, ती आम्ही करू आणि येईल ते निम्मं निम्मं वाटून घेऊ. तिच्या माणसाची बातमी जेव्हा यायची तेव्हा येईल. तोवर तिच्या कपाळाबद्दल या घरात कुणी काही बोलायचं नाही. सरोजिनी, ताटं घे."